बदलत्या इंग्रजीपुढे संपादकाने काय करावे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : तुम्ही एका संस्थेत इंग्रजी अहवाल आणि पत्रव्यवहार तपासता. तुमचे शिक्षण ब्रिटिश वळणाच्या इंग्रजीत झाले आहे. अलीकडे तरुण सहकाऱ्यांच्या मसुद्यांत ‘कलर’मधला ‘यू’ गळालेला असतो, ‘थ्रू’ हा शब्द टी-एच-आर-यू अशा चार अक्षरांत उरकलेला असतो, ‘इम्पॅक्ट’ क्रियापद म्हणून येतो, एकाच व्यक्तीसाठी ‘दे’ हे सर्वनाम येते आणि ‘लिटरली’ म्हणजे ‘शब्दशः’ हा शब्द प्रत्यक्षात न घडलेल्या गोष्टींनाही लावलेला असतो. तुम्ही खुणा केल्या की सहकारी शब्दकोशातली नोंद दाखवतात. तेव्हा हे सारे स्वीकारावे, की स्वीकारणे म्हणजे भाषा बिघडू देणे होईल, असे तुम्ही विचारले आहे.

इंग्रजी मजकुराचे संपादन हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय आहे आणि जवळजवळ प्रत्येक हस्तलिखिताबरोबर हा प्रश्न माझ्यापुढे येतो. माझ्या मते तुमची खरी अडचण अशी आहे की तुमच्या यादीत तीन निराळ्या जातींचे बदल एकत्र आले आहेत. ‘कलर’मधला ‘यू’ हा प्रदेशाप्रदेशांतल्या रूढीचा प्रश्न आहे, ‘थ्रू’चे आखूड रूप हा लेखनाच्या औपचारिकतेचा प्रश्न आहे, आणि ‘लिटरली’ हा अर्थाचा प्रश्न आहे. तिन्हींना एकच उत्तर लावले तर ते निदान एका ठिकाणी तरी चुकणारच. त्यातच ‘स्वीकारणे’ या क्रियेचेही तीन प्रकार आहेत. वाचक म्हणून मी जे रूप बिनतक्रार वाचतो, ते संपादक म्हणून दुसऱ्याच्या मजकुरात राहू देईनच असे नाही, आणि राहू दिले तरी स्वतःच्या लेखनात वापरीनच असेही नाही. या तीन भूमिका वेगळ्या ठेवल्या की निम्मा वाद आपोआप मिटतो.

आधी स्पेलिंगकडे पाहू. मराठीत १९६२ साली साहित्य महामंडळाने लेखनाचे नियम ठरवले, शासनाने ते मान्य केले आणि उच्चारात नसलेले कित्येक अनुस्वार लेखनातून गेले. इंग्रजीत असा निर्णय देणारी संस्था कधीच नव्हती आणि आजही नाही. फ्रेंच भाषेवर देखरेख करणाऱ्या फ्रेंच अकादमीसारखे काही इंग्लंडात असावे, अशी सूचना लेखक जोनाथन स्विफ्टने १७१२ साली केली होती. ती प्रत्यक्षात आली नाही. त्यामुळे इंग्रजी स्पेलिंग घडवले ते छापखान्यांनी, कोशकारांनी आणि वाचकांच्या सवयीने. इंग्रज कोशकार सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात ‘म्युझिक’ या शब्दाच्या शेवटी ‘के’ होता. अमेरिकी कोशकार नोआ वेबस्टरने १८०६ आणि १८२८ च्या आपल्या कोशांत हा ‘के’ गाळला, ‘ऑनर’मधला ‘यू’ काढला, ‘सेंटर’च्या शेवटची दोन अक्षरे उलटी केली. यांपैकी ‘के’चे जाणे पुढे ब्रिटिशांच्याही लेखनात पक्के झाले, बाकीचे बदल अमेरिकेपुरते राहिले. म्हणजे ज्याला आपण आज ब्रिटिश शुद्धलेखन म्हणतो, तेही जॉन्सनच्या काळच्या शुद्धलेखनापेक्षा निराळे आहे.

‘मूळ रूप तेच शुद्ध रूप’ हा युक्तिवाद तर इंग्रजीत फारच लंगडा पडतो. ‘डेट’ म्हणजे कर्ज, या शब्दातला मुका ‘बी’ जुन्या इंग्रजीत नव्हता. लॅटिन मूळ दिसावे म्हणून विद्वानांनी तो मागाहून बसवला. ‘आयलंड’मधला ‘एस’ तर चुकीच्या व्युत्पत्तीतून शिरला, कारण त्या शब्दाचा ‘आइल’ या फ्रेंचमधून आलेल्या, ‘बेट’ याच अर्थाच्या शब्दाशी मुळात संबंध नव्हता. ‘शुड’ आणि ‘वुड’ यांच्याकडे पाहून ‘कुड’मध्ये ‘एल’ आला, तोही असाच. आज मात्र ही अक्षरे गाळून कोणी लिहिले तर मी ती निःसंकोच परत घालतो. त्या अक्षरांत काही पावित्र्य आहे असे मला वाटत नाही. सराईत वाचक परिचित शब्द एका दृष्टीत ओळखतो, आणि ते परिचित रूप मोडले की त्याचे लक्ष आशयावरून उडून स्पेलिंगवर जाते. अहवाल लिहिणाऱ्याला हे कधीच नको असते. स्पेलिंगच्या बाबतीत माझी सारी भूमिका या एका कारणावर उभी आहे.

‘थ्रू’च्या आखूड रूपाचा इतिहास याच दृष्टीने पाहण्यासारखा आहे, कारण त्या रूपाला जितकी संधी मिळाली तितकी फार थोड्या नव्या रूपांना मिळाली असेल. उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी यांच्या पैशावर १९०६ साली अमेरिकेत स्पेलिंग सोपे करण्यासाठी एक मंडळ स्थापन झाले. त्याने तीनशे शब्दांची यादी काढली आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी सरकारी छपाईत ती वापरण्याचा आदेश दिला. त्या यादीत ‘कलर’ आणि ‘सेंटर’ यांची आज अमेरिकेत सर्वमान्य असलेली रूपे होती, तसे ‘थ्रू’चे हे चार अक्षरी रूपही होते. काँग्रेसचा आणि वृत्तपत्रांचा विरोध इतका झाला की त्याच वर्षअखेरीस आदेश मागे घ्यावा लागला. पुढे ‘शिकागो ट्रिब्यून’ या मोठ्या दैनिकाने १९३४ पासून सुटसुटीत स्पेलिंगचा प्रयोग चालवला आणि त्यातली काही रूपे, ‘थ्रू’ धरून, १९७५ पर्यंत टिकवली. शेवटी त्यानेही ती सोडली. राष्ट्राध्यक्षांचा आदेश आणि एका दैनिकाची चार दशके, एवढे पाठबळ मिळूनही ते रूप औपचारिक गद्यात रुजले नाही. रस्त्यावरच्या पाट्या, गाडीत बसून खरेदी करण्याच्या खिडक्या, तक्त्यांतल्या अरुंद रकान्यांतले ‘सोमवार ते शुक्रवार’ आणि खासगी निरोप एवढ्या जागा त्याने मिळवल्या आणि त्या त्याच्या हक्काच्या आहेत. तुमच्या अहवालात मात्र त्याला दुरुस्त करणेच योग्य. कारण सांगताना ‘हे अशुद्ध आहे’ असे न म्हणता ‘हे या प्रकारच्या लेखनातले रूप नाही’ असे म्हणा. ते अधिक खरे आहे आणि सहकाऱ्याला पटतेही.

‘कलर’मधल्या ‘यू’ची गोष्ट वेगळी. तिथे दोन्ही रूपे आपापल्या प्रदेशात पूर्ण प्रतिष्ठित आहेत, त्यामुळे ‘यू’ नसलेले रूप चूक ठरवण्याचा अधिकार तुम्हाला किंवा मला नाही. निर्णय करायचा तो एवढाच की अहवाल कोणासाठी आहे आणि संस्थेचे वळण कोणते. बहुतेक वाचक अमेरिकेतले असतील तर अमेरिकी वळण घ्या, अन्यथा संस्थेत आजवर चालत आलेले ठेवा. पण एका दस्तऐवजात एकच. एका परिच्छेदात ‘यू’ आहे आणि पुढच्यात नाही, असे दिसले की वाचकाला हा मजकूर दोन ठिकाणांहून उचलून जोडला आहे अशी शंका येते, आणि ती शंका आकडेवारीपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही.

या संदर्भात एका गैरसमजाबद्दल सविस्तर लिहितो, कारण जुन्या वळणाच्या तपासनिसांकडून तो मला वारंवार दिसतो. ‘ऑर्गनाइझ’सारख्या क्रियापदांच्या शेवटी ‘झेड’ असला की तो अमेरिकी समजून खोडला जातो. वास्तविक ऑक्सफर्डच्या कोशांची पसंती याच ‘झेड’ला आहे, ब्रिटिश वृत्तपत्रांत आणि शाळांत ‘एस’ अधिक चालतो इतकेच. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे इंग्रजी नाव पाहा : त्यात ‘लेबर’मध्ये ‘यू’ आहे आणि ‘ऑर्गनायझेशन’मध्ये ‘झेड’ही आहे. हे गोंधळलेले स्पेलिंग नाही. ऑक्सफर्डचे वळण नेमके असेच असते. उलट ऑस्ट्रेलियात ‘लेबर’ हा सामान्य शब्द ‘यू’ घालून लिहितात, पण तिथल्या मजूर पक्षाच्या नावात १९१२ पासून ‘यू’ नाही. म्हणून नाव आले की आपले वळण बाजूला ठेवायचे आणि ते नाव धारण करणारी संस्था जसे लिहिते तसेच लिहायचे. हाच नियम अवतरणांना आणि कराराच्या मसुद्यात व्याख्या करून ठेवलेल्या शब्दांनाही लागू आहे. तिथे मी एक अक्षरही बदलत नाही.

शास्त्रीय लेखनात तर देशांच्या सीमाही उपयोगी पडत नाहीत. रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९९० साली गंधकाच्या ‘सल्फर’ या नावासाठी ‘एफ’ असलेले रूप स्वीकारले आणि ब्रिटनमधल्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीने दोन वर्षांनी त्याला मान्यता दिली. त्यामुळे अस्सल ब्रिटिश वळणाच्या शोधनिबंधातही ‘पी-एच’ असलेले जुने रूप आता दुरुस्त होते. त्याच संघटनेने ॲल्युमिनियमच्या बाबतीत मात्र ‘आय’ असलेल्या, म्हणजे ब्रिटिशांच्या, रूपाला पसंती दिली; अमेरिकी रूप पर्याय म्हणून चालते. ज्या क्षेत्राने आपला प्रश्न स्वतः सोडवला आहे, तिथे त्या क्षेत्राचे ऐकावे.

हायफन आणि मोठ्या अक्षरांबद्दल फार लिहीत नाही. ‘टुडे’ हा शब्द विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत सर्रास हायफन घालून छापला जात असे, हे आज कोणाच्या लक्षातही नाही. ‘शॉर्टर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’ या कोशाच्या २००७ च्या आवृत्तीतून सुमारे १६,००० हायफन गेले. असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेने २०११ मध्ये ‘ईमेल’मधला हायफन काढला आणि २०१६ मध्ये ‘इंटरनेट’चे पहिले अक्षर लहान केले. अशा बदलांत अर्थ हरवत नाही आणि वाचक अडखळत नाही. ते लवकर स्वीकारा आणि तुमची शक्ती पुढच्या गोष्टींसाठी राखून ठेवा.

म्हणजे येथवरचा हिशेब असा : प्रतिष्ठित प्रादेशिक रूप असेल तर दस्तऐवजाचे वळण पाहायचे, अनौपचारिक रूप असेल तर लेखनप्रकार पाहायचे, नाव किंवा अवतरण असेल तर हात लावायचा नाही.

आता अर्थाकडे येतो, कारण खरी काळजी घ्यायची ती इथे. शब्दांचे अर्थ बदलतात याबद्दल तक्रार करण्यात हशील नाही. ‘नाइस’ या शब्दाचा इंग्रजीतला सर्वांत जुना अर्थ मूर्ख किंवा अजाण असा होता. ‘सिली’चा प्रवास उलट दिशेने झाला, एकेकाळी तो धन्य, निष्पाप अशा अर्थाने वापरला जाई. ‘अजेंडा’ हे लॅटिनमधले अनेकवचन आज कोणी अनेकवचन मानत नाही. हे बदल पूर्ण झाले आहेत, त्यामुळे ते निरुपद्रवी आहेत. त्रास होतो तो बदल अर्ध्यावर असताना, म्हणजे निम्मे वाचक शब्द जुन्या अर्थाने घेत असतात आणि निम्मे नव्या अर्थाने.

‘डिसइंटरेस्टेड’ हे त्याचे नेमके उदाहरण. काळजीपूर्वक लिहिणारे तो ‘निःपक्षपाती, ज्याचा स्वतःचा लाभ गुंतलेला नाही’ या अर्थाने वापरतात. अनेक जण ‘ज्याला रस नाही’ या अर्थाने वापरतात, आणि हा दुसरा अर्थही जुनाच आहे, तो सतराव्या शतकात आढळतो. आता एखाद्या अहवालात लवादाला हे विशेषण लावले असेल तर वाचकाने काय समजायचे? लवाद निःपक्ष होता हे, की त्याचे लक्ष नव्हते हे? अशा वेळी ‘खरा’ अर्थ कोणता यावर मी वाद घालत बसत नाही. मी शब्दच बदलतो : निःपक्षपाती म्हणायचे असेल तर ‘इम्पार्शल’, रस नसल्याचे म्हणायचे असेल तर ‘अनइंटरेस्टेड’. जुन्या अर्थाचा आग्रह धरून मी स्वतः बरोबर ठरेन, पण लेखकाचे म्हणणे चुकीचे पोहोचेल. आणि संपादक लेखकाचे म्हणणे पोहोचवण्यासाठी नेमलेला असतो.

काही शब्दांत तर बदल चालू नसूनही हा धोका कायमचा असतो. ‘बायवीकली’ म्हणजे आठवड्यातून दोनदा की दोन आठवड्यांतून एकदा, हे कोशही एका बाजूने सांगत नाहीत, कारण दोन्ही अर्थ रूढ आहेत. सभेत एखादा विषय ‘टेबल’ करणे म्हणजे ब्रिटिश प्रथेत तो चर्चेला घेणे आणि अमेरिकी प्रथेत तो पुढे ढकलणे. इतिवृत्तात हे क्रियापद दिसले की मी ते दर वेळी मोडून साध्या शब्दांत लिहितो, वाचक कुठलेही असोत.

अर्थाच्या बाबतीत बदल स्वतः पुढाकार घेऊन घडवणेही कधी योग्य असते, हे जुन्या वळणाचा आग्रह धरणाऱ्यांनी लक्षात घ्यावे. ‘इनफ्लेमेबल’ म्हणजे पेट घेणारे. त्यातला ‘इन’ नकारार्थी नाही, पण तो नकारार्थी समजला जाण्याची शक्यता उघड होती आणि इथे गैरसमजाची किंमत जीवाने मोजावी लागली असती. म्हणून अमेरिकेतल्या अग्निसुरक्षा संघटनेने १९२० च्या दशकात ‘फ्लेमेबल’ या रूपाचा आग्रह धरला आणि आज टँकरवर, डब्यांवर तेच असते. व्युत्पत्तीच्या दृष्टीने जुना शब्द निर्दोष होता. तरीही तो बदलणाऱ्यांनी योग्यच केले.

तुमच्या यादीतले उरलेले तीन शब्द आता एकेक घेतो. ‘लिटरली’चा अतिशयोक्तीसाठी वापर अठराव्या शतकापासून होत आहे, त्यामुळे तो आजच्या पिढीने आणलेला नाही. तरीही अहवालात मी तो दोन्ही अर्थांनी काढतो. प्रत्यक्षात घडलेले असेल तर नुसते विधान पुरते. घडलेले नसेल तर तो शब्द वाचकाला भलतीकडे नेतो.

‘इम्पॅक्ट’ला क्रियापद करण्यावरचा नेहमीचा आक्षेप असा की ते नाम आहे. हा आक्षेप सोडून द्या. इंग्रजीत ते क्रियापद म्हणून, दाबून बसवणे अशा अर्थाने, नामाच्या आधीपासून आहे, आणि ‘कॉन्टॅक्ट’च्या क्रियापदी वापरालाही एकेकाळी असाच विरोध झाला होता. माझी हरकत वेगळी आहे. ‘या धोरणाने उत्पादन इम्पॅक्ट झाले’ या वाक्यातून उत्पादन वाढले की घटले ते कळत नाही. म्हणून मी समासात ‘कोणत्या दिशेने?’ एवढेच लिहितो आणि लेखक बहुधा स्वतःच ‘वाढले’ किंवा ‘घटले’ असे लिहून परत देतो.

एकवचनी ‘दे’ मात्र मी राहू देतो. व्यक्ती अनिश्चित असताना हे सर्वनाम इंग्रजीत चौदाव्या शतकापासून वापरात आहे. ‘ही’ म्हणजे ‘तो’ या पुल्लिंगी सर्वनामात सर्वच माणसे येतात, असे धरून चालण्याचा नियम व्याकरणकारांनी फार नंतर बसवला. अमेरिकी मानसशास्त्र संघटनेच्या शैलीपुस्तिकेने २०१९ च्या आवृत्तीपासून शोधनिबंधांतही हा वापर पुरस्कारला आहे. एखाद्या व्यक्तीने स्वतःसाठी हेच सर्वनाम सांगितले असेल तर तिथे संपादकाच्या आवडीनिवडीचा प्रश्नच उरत नाही. सावध राहायचे ते एवढ्यापुरते की त्याच वाक्यात एखादा गट आधीच आलेला असेल तर ‘दे’ कोणाकडे निर्देश करते ते संदिग्ध होते. तिथे नाव पुन्हा लिहावे, किंवा सारे वाक्य अनेकवचनी करावे.

राहिला शब्दकोशाचा मुद्दा. सहकारी कोश दाखवतात तेव्हा ते चुकीचे वागत नाहीत, पण कोशातली नोंद ही शिफारस नसते. काय वापरात आहे ते कोश नोंदवतो. वेबस्टरच्या १९६१ च्या तिसऱ्या मोठ्या आवृत्तीवर अमेरिकेत वादळ उठले ते हाच फरक अनेकांना मान्य नव्हता म्हणून. तेव्हा नोंद दाखवली की ती सहकाऱ्याबरोबर शेवटपर्यंत वाचा. ‘अनौपचारिक’, ‘बोलीतील’, ‘आक्षेपार्ह’ अशा खुणा आहेत का ते पाहा. मेरियम-वेबस्टरच्या कोशात दोन रूपांमध्ये ‘ऑर’ असेल तर ती साधारण बरोबरीची असतात आणि ‘ऑल्सो’ असेल तर दुसरे रूप कमी रूढ असते. हा बारकावा ठाऊक असला तर कितीतरी वाद दोन मिनिटांत संपतात. उलट बाजूने तुम्हीही आपले नियम तपासून पाहा. मोजता येणाऱ्या गोष्टींसाठी ‘लेस’ न वापरता ‘फ्यूअर’ वापरावे, हा नियम १७७० मध्ये रॉबर्ट बेकर या लेखकाने केवळ स्वतःची पसंती म्हणून मांडला होता. त्याआधी शतकानुशतके चांगले लेखक ‘लेस’ लिहीत होते. मी अहवालात आजही हा नियम पाळतो, कारण अनेक वाचक तो अपेक्षितात, पण न पाळणाऱ्याला अडाणी समजत नाही.

बदल आणि चूक यांतली रेषा कुठे, हेही तुम्ही ओघात विचारले आहे. माझी कसोटी अशी की लेखकाला ते रूप दाखवून विचारले तर तो त्याचे समर्थन करील का. ‘इट्स’मधला अपॉस्ट्रॉफी चुकलेला किंवा ‘लूझ’मध्ये एक ‘ओ’ जास्त पडलेला दाखवला की लेखक लगेच ‘अरे, राहून गेले’ म्हणतो. ती चूक आहे आणि ती कितीही वेळा दिसली तरी चूकच. ‘ईमेल’ किंवा ‘दे’बद्दल विचारले तर तो कारण देतो, तिथे चर्चा करावी लागते.

एक व्यवस्था मात्र तुम्ही लगेच सुरू करावी. संस्थेसाठी एक कोश आणि त्याची आवृत्ती ठरवून घ्या, आणि ज्या शब्दांवर वाद होतो त्यांची एक यादी ठेवा : शब्द, आपले रूप, एका ओळीत कारण. यादी वर्षातून एकदा सहकाऱ्यांबरोबर बसून तपासा आणि मधल्या काळात चालू दस्तऐवजात नियम बदलू नका. मसुद्यावर दोन प्रकारच्या खुणा वेगळ्या ठेवा. चूक आणि संदिग्धता यांच्या खुणा बंधनकारक असाव्यात. तुमच्या पसंतीच्या खुणा सूचना म्हणून असाव्यात आणि त्या नाकारण्याची मुभा लेखकाला असावी. पहिल्या काही आठवड्यांत तुमच्या लक्षात येईल की तुम्ही आजवर करत असलेल्या खुणांपैकी बऱ्याच दुसऱ्या प्रकारात जातात, आणि पहिल्या प्रकारातल्या खुणांवर सहकारी फारसा वाद घालत नाहीत.